आठ दशांश सेकंदांची गोष्ट : नकळत चालणाऱ्या मनाचा शोध कसा लागला

गेल्या व्याख्यानात आपण देकार्तपाशी थांबलो होतो. मन म्हणजे जाणीव, आणि ज्याची मनाला जाणीव नाही असं मनात काही असूच शकत नाही, हे त्याचं म्हणणं आपण पाहिलं. आज या समजुतीला तडा कसा गेला ते पाहू. अंतर्मन हा शब्द आपण हल्ली फार सैलपणे वापरतो. 'अंतर्मनाची शक्ती जागवा' अशी पुस्तकं रेल्वे स्टेशनवरसुद्धा मिळतात. त्यामुळे ही कल्पना कुठल्यातरी स्वप्नमीमांसेतून किंवा संमोहनाच्या खोलीतून आली असावी, असं आपल्याला वाटतं. तिथूनही ती आली, नाही असं नाही. पण तिचा एक महत्त्वाचा धागा निघतो तो एका वेधशाळेतून. आणि त्या धाग्याच्या टोकाला एका माणसाची गेलेली नोकरी आहे.

इंग्लंडमध्ये ग्रिनिच इथे नेव्हिल मॅस्केलिन हा राजज्योतिषी होता. राजज्योतिषी म्हणजे कुंडल्या मांडणारा नव्हे हं, तर सरकारी वेधशाळेचा प्रमुख. डेव्हिड किनेब्रुक हा त्याचा मदतनीस. तारा दुर्बिणीतल्या उभ्या तारेला नेमका कोणत्या क्षणी ओलांडतो याची नोंद करायची, हे दोघांचं रोजचं काम. ते कसं करत, ते समजून घेऊ. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आधी घड्याळात वेळ बघायची. मग डोळा दुर्बिणीला लावायचा आणि कानाने लंबकाचे ठोके मोजत राहायचं. एका ठोक्याला तारा तारेच्या अलीकडे किती होता आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे किती गेला, हे मनात धरायचं आणि त्या प्रमाणावरून सेकंदाचा दहावा भाग ठरवायचा. डोळा आणि कान एकाच वेळी कामाला. या पद्धतीवर सगळ्यांचा भरवसा होता.

सुरुवातीला दोघांच्या नोंदी जुळत होत्या. १७९५च्या ऑगस्टपासून किनेब्रुकच्या नोंदी मॅस्केलिनपेक्षा अर्ध्या सेकंदाने उशिराच्या येऊ लागल्या. त्याला तसं सांगण्यात आलं. त्याने सुधारायचा प्रयत्न केलाच असणार, नोकरीचा प्रश्न होता. पण १७९६च्या जानेवारीत फरक उलट वाढून आठ दशांश सेकंद झाला. मॅस्केलिनने त्याला कामावरून काढलं. वेधांच्या छापील ग्रंथात त्याने हे नोंदवून ठेवलं, आणि माणूस एरवी मेहनती आणि उपयोगी होता, असंही लिहिलं.

आठ दशांश सेकंद म्हणजे किती हो? एका सेकंदाहूनही कमी वेळ. मग एवढा कठोरपणा कशाला? तर पृथ्वी एका सेकंदात १५ विकला फिरते. आठ दशांश सेकंदात १२ विकला. विषुववृत्तावर हे अंतर सुमारे ३७० मीटर भरतं. ताऱ्यांच्या या वेधांवरूनच घड्याळं लावली जात, आणि जहाजांचं रेखांशाचं गणित शेवटी त्याच वेळेवर उभं असे. आपल्याकडे मुंबईत १८२६ साली कुलाब्याची वेधशाळा उभारली गेली, तिच्यापुढेही जहाजांसाठी अचूक वेळ राखणं हे काम होतंच. तेव्हा मॅस्केलिन लहरी होता असं म्हणता येणार नाही. त्याचं गृहीतक मात्र आपण तपासलं पाहिजे. डोळे शाबूत आहेत, माणूस प्रामाणिक आहे, तर जे आहे तेच त्याला दिसलं पाहिजे. वेगळं दिसलं तर तो निष्काळजी. आणि दोघांच्या नोंदींत फरक पडला तर चूक कोणाची? अर्थातच मदतनिसाची!

जवळजवळ वीस वर्षांनी ही हकिगत क्योनिग्सबर्गच्या फ्रीडरिश बेसेलच्या वाचनात आली. हा त्या काळातला अत्यंत काटेकोर खगोलशास्त्रज्ञ. त्याच्या मनात आलं, सावध केल्यावरही एखादा माणूस इतकी मोठी चूक सतत कशी करील? म्हणून त्याने स्वतःची तुलना दुसऱ्या कसलेल्या निरीक्षकांशी करून पाहिली. १८२० साली वालबेकबरोबर आणि नंतर १८२३ साली आर्गेलांडरबरोबर. फरक किती निघाला? एक सेकंदाहून जास्त! म्हणजे किनेब्रुकची नोकरी ज्या फरकापायी गेली, त्याहून मोठा फरक दोन नामांकित शास्त्रज्ञांत होता. दोघेही सावध, दोघेही अनुभवी. आणि दोघांपैकी कोणालाही आपण उशिरा किंवा लवकर पाहतो आहोत याचा पत्ता नाही.

या फरकाला पुढे 'वैयक्तिक समीकरण' असं नाव पडलं. प्रत्येक निरीक्षकाचा फरक मोजायचा आणि गणितात तेवढी दुरुस्ती करायची. व्यवहार भागला. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थांबून चालत नाही. मॅस्केलिनचं पाहणं हे खरं पाहणं आणि किनेब्रुकचं चुकलेलं, असं म्हणायला आता आधारच उरला नाही. डोळ्याने दिसलेलं आणि कानाने ऐकलेलं यांची सांगड घालण्याचं काम प्रत्येकाच्या मनात चालतं. कोणाचं लक्ष आधी ठोक्याकडे जातं, कोणाचं ताऱ्याकडे. ते काम आपल्याला विचारून होत नाही. आपल्या हाती येतो तो तयार निकाल. आणि तो निकालच आपण 'मी पाहिलं' म्हणून सांगतो.

आता योगायोग बघा. त्याच क्योनिग्सबर्गमध्ये १८४९ साली हेर्मान हेल्महोल्ट्झ हा तरुण प्राध्यापक म्हणून आला. बेसेल तीन वर्षांपूर्वी वारला होता. मज्जातंतूतून संदेश इतक्या वेगाने जातो की तो मोजणं अशक्य, असं हेल्महोल्ट्झचे गुरू योहानेस म्यूलर मानत. शिष्याने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला. साधारण सेकंदाला २७ मीटर. ध्वनीच्या वेगाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी! म्हणजे जग आणि जाणीव यांच्यामध्ये वेळ जातो. मग त्या वेळात काय चालतं?

हेल्महोल्ट्झने यावर दिलेलं उत्तर त्याच्या दृष्टिविज्ञानावरच्या ग्रंथाच्या १८६७ सालच्या भागात आहे. त्याने त्याला 'अजाण अनुमान' म्हटलं. त्याचंच एक उदाहरण आपण आत्ता करून पाहू शकतो. डोळा मिटा आणि बाहेरच्या कोपऱ्यावर, कानाच्या बाजूला, बोट अगदी हलकं टेकवा. नाकाच्या बाजूला एक प्रकाशाचं वर्तुळ दिसेल. बोट इकडे आणि प्रकाश तिकडे! असं का? डोळ्याच्या पडद्याचा तो भाग एरवी चेतवला जातो तो नाकाच्या बाजूने येणाऱ्या प्रकाशाने. आयुष्यभराचा हा अनुभव मनात साठलेला आहे. म्हणून मन निष्कर्ष काढतं, प्रकाश तिकडे आहे. आणि गंमत म्हणजे हे सगळं कळल्यानंतरही वर्तुळ जागचं हलत नाही. ज्ञानाने ते पुसलं जात नाही. नकळत होणाऱ्या कामाची ही मोठी खूण आहे, लक्षात ठेवा.

या शब्दाचा पुढे त्यालाच जाच झाला. १८६९ साली हार्टमानचा अबोधाच्या तत्त्वज्ञानावरचा ग्रंथ आला आणि अबोध म्हणजे विश्व चालवणारी एक गूढ शक्ती असं वातावरण तयार झालं. आपल्याला तसल्या कशात धरू नये म्हणून हेल्महोल्ट्झने तो शब्द वापरणंच टाळलं. म्हणजे शास्त्रीय कल्पनेभोवती धुकं जमण्याची तक्रारही दीडशे वर्षं जुनी आहे!

आता आणखी दोन प्रसंग सांगतो आणि मग आपल्याकडे वळू. अमेरिकेत चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी १८८४च्या सुमारास एक प्रयोग केला. बोटावर पडणाऱ्या दोन दाबांत फरक अगदी सूक्ष्म ठेवायचा आणि जास्त कोणता ते सांगायचं. शिवाय आपल्या उत्तराची खात्री किती, तेही सांगायचं. 'खात्री शून्य, नुसता अंदाज' असं म्हणून दिलेली उत्तरंसुद्धा साधारण पाचात तीन वेळा बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर निम्मीच आली असती. म्हणजे जे मला कळलंच नाही असं मी शपथेवर सांगेन, त्यातलं थोडं माझ्यात कुठेतरी पोचलेलं असतं.

दुसरा प्रसंग बर्लिनचा. फॉन ओस्टेन नावाच्या गृहस्थांचा हान्स हा घोडा बेरीज-वजाबाकी करतो, टाप आपटून उत्तर देतो, असा बोलबाला झाला. १९०४ साली कार्ल श्टुम्फ यांच्या समितीने तपासणी केली. लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने चिकाटीने प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर घोडा चुकायचा. घोड्याला विचारणारा दिसेनासा केला, तरी चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं अगदी किंचित वर उचललं जायचं. घोडा तेवढं टिपून थांबायचा. मालक खोटारडा नव्हता. आपण खूण करतो आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि हे गुपित उलगडल्यानंतर खुद्द फुंग्स्टलाही आपली खूण पूर्णपणे आवरणं जड गेलं.

फ्रॉइडचं नाव अजून आलं नाही, असं कोणाच्या मनात आलं असेल. १९००च्या स्वप्नांवरच्या ग्रंथानंतर सगळा झोत त्याच्यावर गेला हे खरं. पण त्याचं अबोध मन हे दडपलेल्या इच्छांचं मन आहे, ते लपवतं. हेल्महोल्ट्झचं मन काही लपवत नाही, ते फक्त काम उरकतं. आपल्या बोलण्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

आपल्या परंपरेत याला जागा होती का? होती, आणि चांगली ऐसपैस. पातंजल योगातले संस्कार आणि वासना, योगाचार बौद्धांचं आलयविज्ञान, हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. नैयायिकांनी तर अंधारातल्या दोरीवर दिसणाऱ्या सापाची बारीक चिकित्सा केली. पूर्वी कुठेतरी पाहिलेला साप संस्कारामुळे आठवणीतून येतो आणि समोरच्या दोरीवर बसतो, असं त्यांचं म्हणणं. हेल्महोल्ट्झच्या किती जवळचं आहे बघा. पण लगेच 'आमच्याकडे हे सगळं होतंच' असं म्हणून टाळ्या घेऊ नयेत. आपल्या विचारवंतांचा प्रश्न भ्रम कसा होतो आणि त्यातून सुटावं कसं, हा होता. दोन माणसांच्या पाहण्यात किती सेकंदांचा फरक, हा प्रश्न त्यांनी घातला नाही. आणि बेसेलने मुक्तीचा घातला नाही. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी मोलाचे. दोन्ही परंपरा एकत्र आणण्याचा एक गंभीर प्रयत्न कलकत्त्यात झाला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली तिथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि मतभेद त्यांनी स्पष्टपणे मांडले.

आता एवढ्या इतिहासाचं आपण काय करायचं? १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. नंतर काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना आदळण्याऐवजी 'एकमेकींना लागल्या' असा सौम्य शब्द घालून विचारलं. पहिल्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितला, दुसऱ्यांनी सुमारे ३२. चित्रफीत तीच! दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? काच मुळात नव्हतीच. 'जोरात आदळल्या' हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं; 'धडकल्या' हा साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी सातांनी. अशा साक्षीवर एखाद्याला शिक्षा होऊ शकते, हे ध्यानात घ्या.

यावर कोणी म्हणेल, मग कशावरच विश्वास ठेवायचा नाही का? तसं नाही. नकळत चालणारं हे काम नसेल तर आपल्याला रस्तासुद्धा ओलांडता येणार नाही. आणि 'सगळं अंतर्मनच करतं, माझा काय दोष' ही पळवाटही आपल्याला नको. खगोलशास्त्रज्ञांनी काय केलं ते पाहा. त्यांनी निरीक्षकांना मन शुद्ध करायला सांगितलं नाही. फरक मोजला, दुरुस्ती केली, आणि पुढे विजेवर चालणारी नोंदयंत्रं आणून फरकाला वावच कमी ठेवला. आम्ही शिक्षक मंडळी उत्तरपत्रिका तपासायचो तेव्हा विद्यार्थ्याचं नाव झाकलेलं असायचं, ते याच कारणाने. परीक्षक पक्षपाती आहे असा त्यात आरोप नसतो. परीक्षक माणूस आहे, एवढंच त्यात मान्य केलेलं असतं. नोकरीच्या मुलाखतीत, पंचायतीत, घरातल्या दोन मुलांच्या भांडणातसुद्धा निकाल देण्याआधी असं एखादं झाकण कुठे घालता येईल, हे आपण पाहू शकतो.

मॅस्केलिनने प्रामाणिकपणे निर्णय घेतला आणि तरी एका निर्दोष माणसावर ठपका आला. त्याच्याजवळ बेसेलचं ज्ञान नव्हतं. ते त्यानंतर आलं. आपल्याजवळ मात्र ते आहे. समोरचा माणूस आपल्यापेक्षा वेगळं पाहिल्याचं सांगतो, तेव्हा तो निष्काळजी किंवा खोटारडा ठरवण्याआधी एक तुलना करून पाहण्याची जबाबदारी आपल्यावर येते. त्या तुलनेत स्वतःलाही धरायचं. बेसेलने तेच केलं होतं.

पुढच्या व्याख्यानात लाइब्निट्झकडे जाऊ. समुद्राची गाज ऐकताना एकेका लाटेचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, पण तो ऐकला गेल्याशिवाय गाजही ऐकू येणार नाही, असं त्याने देकार्तच्या मताविरुद्ध या सगळ्या प्रयोगांच्या कितीतरी आधी म्हटलं होतं. तो युक्तिवाद कितपत टिकतो, ते तेव्हा पाहू.