बेडूक, भेक आणि हुमायूं अब्दुलअली

नांदेड-लातूरच्या पट्ट्यात बेडकासाठी शब्दांची कमी नाही. मराठीत बेडूक, आमच्या घरातल्या दखनीत मेंडक, देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगूत कप्प आणि उदगीर-निलंग्याच्या पलीकडे कन्नडमध्ये कप्पे. या चार भाषा आठवडी बाजारात एकमेकींना रोजच्याच आहेत. पण विहिरीतला ओलसर, गुळगुळीत बेडूक आणि पावसाळ्यात उंबऱ्यापाशी येऊन बसणारा खरबरीत अंगाचा बेडूक यांना दोन वेगळी नावं देण्याची गरज रोजच्या बोलण्यात फारशी कुणाला वाटली नाही. इंग्रजीत मात्र एक फ्रॉग आणि दुसरा टोड. मराठी विज्ञान-पुस्तकांनी टोडसाठी ‘भेक’ हा शब्द उचलला. तो संस्कृतातला, आणि तिथे त्याचा अर्थ साधा बेडूक असाच होतो. भेद इंग्रजीतून आला, त्यावर जुना शब्द चिकटवला गेला.

शास्त्राच्या हिशेबाने भेक हाही बेडूकच आहे. बेडकांच्या अनेक कुळांपैकी एक कूळ. तरी ओळखता आला पाहिजे, कारण दोघांचं नशीब वेगळं निघालं.

आपल्याकडचा मोठा बेडूक विज्ञान शाखेत शिकलेल्या जुन्या पिढीला ‘राना टायग्रिना’ म्हणून पाठ आहे. आता त्याचं नाव होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. अंग ओलसर, पाठीवर लांबट घड्या, मागचे पाय लांबलचक, बोटांमध्ये पडदा. जूनच्या पहिल्या दमदार पावसात नर हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. मग कुणीतरी त्याचा व्हिडिओ ‘परदेशी विषारी बेडूक’ म्हणून मोबाइलवर फिरवतं. तो परदेशी नाही, विषारीही नाही, लग्नाच्या पोशाखात आहे इतकंच.

रात्री रस्त्याच्या दिव्याखाली किडे टिपत बसणारा, पळायची घाई नसलेला तो भेक. याला श्नायडर या जर्मन अभ्यासकाने १७९९ मध्ये नाव दिलं, त्यातल्या ‘मेलॅनोस्टिक्टस’चा अर्थ काळ्या ठिपक्यांचा. अंगावरच्या पुटकुळ्यांची टोकं खरंच काळी असतात. नावाचा पहिला भाग, डुट्टाफ्रायनस, २००६ मध्ये ओडिशाचे अभ्यासक सुशीलकुमार दत्त यांच्या सन्मानार्थ दिला गेला. अंग खरबरीत म्हणजे भेक, ही खूण अर्धीच खरी आहे. जमिनीत बीळ करून राहणारा गोल गरगरीत बेडूकही पाहणाऱ्याला फसवतो. पक्की खूण डोळ्यांच्या मागे आहे. तिथे दोन लांबट, फुगीर ग्रंथी दिसल्या तर तो भेक. कुत्र्याने त्याला तोंडात धरलं की याच ग्रंथींतून दुधासारखं विष येतं आणि कुत्रा फेस गाळत बाजूला होतो. बेडकाच्या वरच्या जबड्यात बारीक दात असतात, भेकाला दात नसतात, पण ते पाहायला कुणी जाऊ नये. त्यापेक्षा अंडी पाहावीत. बेडकाची पाण्यावर साय पसरावी तशी किंवा पुंजक्याने असतात. भेकाची तसबीहच्या काळ्या मण्यांसारखी लांब माळेत ओवलेली. भेकाला हात लावल्याने चामखीळ येते, हे मात्र खोटं.

आता पाळण्याचं. जर्मनीत एके काळी लोक हिरवा झाडबेडूक काचेच्या बरणीत छोट्या शिडीसकट ठेवत आणि तो वर चढला की हवा चांगली राहणार, असं मानत. आपल्याकडे असा शौक नव्हता. बेडूक पकडला जायचा तो पावसासाठीच. मृग कोरडा गेला की गावोगावी धोंडी निघायची. मुसळाला लिंबाचा पाला आणि त्यात बेडूक बांधायचा, दोघा पोरांनी मुसळ खांद्यावर घ्यायचं, दारोदार जायचं आणि बायकांनी वरून तांब्याभर पाणी ओतायचं. माझ्या लहानपणी या घोळक्यात मोहल्ल्यातली पोरं असायचीच. भाकरी-पीठ गोळा व्हायचं तेव्हा कोण कुणाचा हे कुणी विचारत नव्हतं. त्याच आठवड्यात ईदगाहवर पावसासाठी नमाज-ए-इस्तिस्का व्हायची. आमची दादी पाणी ओतायची, पण नंतर पोरांना दम द्यायची, “उसकू खोल के छोड देव, मारो मत.”

तिच्या दमामागे एक गोष्ट होती, मुसलमान घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी. हजरत इब्राहिमना आगीत टाकलं तेव्हा पालीने फुंकर मारून आग वाढवली आणि मेंडकाने तोंडात पाणी आणून ती विझवायची कोशिश केली. म्हणून पाल दिसली की चप्पल उचलायची आणि मेंडकाला वाट द्यायची. पालीच्या फुंकरीचा उल्लेख हदीसच्या मोठ्या संग्रहांत आहे. मेंडकाच्या पाण्याची गोष्ट तितक्या मजबूत सनदीची नाही, पण बेडकाला मारू नये हे त्या गोष्टीवर अवलंबूनही नाही. ‘सुनन अबू दाऊद’मध्ये एक हदीस आहे. एका तबीबाने, म्हणजे वैद्याने, औषधात बेडूक वापरण्याबद्दल पैगंबरांना (स.) विचारलं आणि त्यांनी बेडूक मारायला मनाई केली. चौदाव्या शतकात इजिप्तच्या अद्-दमीरी यांनी ‘हयातुल हैवान’ हा प्राण्यांचा मोठा कोश लिहिला. त्यात प्राण्याच्या नावाखाली तो हलाल की हराम याची चर्चा येते आणि शेजारीच त्याचे औषधी गुणही येतात. मनाई आणि उपयोग एकाच पानावर. मला ही विसंगती वाटत नाही. ज्याचा उपयोग असतो, त्याच्याबद्दलच तर मनाई करावी लागते.

हा प्रश्न आम्हाला भेटला तो नांदेडच्या कॉलेजात, ऐंशीच्या दशकात. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मागच्या खोलीत सिमेंटचा हौद होता, वर जाळी. मराठवाड्यात बेडूक संख्येने सर्वात जास्त कुठे ‘ठेवले’ गेले असतील तर ते अशा हौदांत. प्रॅक्टिकलच्या दिवशी मेणाच्या ट्रेवर तो उताणा, चारही पायांत टाचण्या. आमच्या बॅचमध्ये तिघे मुसलमान होतो. त्यातल्या एकाचे वडील मशिदीत इमाम. तो आम्हाला म्हणाला, हदीसमधला सवाल वैद्यानेच विचारला होता, आणि आपणही डॉक्टर व्हायचं म्हणूनच हे करतोय. दुसऱ्याचं म्हणणं होतं की इल्मसाठी आहे, खेळ म्हणून नाही. वाद महिनाभर चालला, प्रॅक्टिकलच्या वह्या दोघांनीही पूर्ण केल्या. हौदात भेक कधीच नसायचा. पुस्तकातल्या आकृत्या राना टायग्रिनाच्या, परीक्षा राना टायग्रिनाची. पुटकुळ्या आणि विष यांनी भेकाला टाचण्यांपासून वाचवलं होतं.

त्याच वर्षांत हाच बेडूक कितीतरी मोठ्या संख्येने दुसऱ्याच कारणासाठी मरत होता. केरळ, बंगाल आणि किनाऱ्यावरच्या इतर भागांत पावसाळ्याच्या रात्री भातखाचरांत कंदील घेऊन माणसं फिरत, पोती भरत. मागच्या तंगड्या कापून, बर्फात गोठवून त्या युरोप-अमेरिकेला जात. फ्रान्स-बेल्जियमच्या हॉटेलांत त्यांना भाव होता. १९८१ च्या सुमारास वर्षाला चार हजार टनांहून अधिक तंगड्या भारतातून गेल्या. धड कापल्यावर उरलेला जीव लगेच मरत नसे. हनफी आणि शाफई दोन्ही मजहबांत बेडूक खाणं निषिद्ध आहे, मालिकींत मुभा आहे. आपल्याकडच्या मुसलमानांच्या ताटात तो नव्हताच. गोव्यात मात्र ‘जंपिंग चिकन’ या नावाने तो ताटात होता, आणि वनखात्याला तिथे अजूनही पावसाळ्यात पहारा ठेवावा लागतो.

या व्यापाराविरुद्ध चिवटपणे उभे राहिलेल्यांत मुंबईचे हुमायूं अब्दुलअली होते. सलीम अली यांचं नाव आपल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. त्यांच्याच नात्यातले अब्दुलअली मात्र आपल्या लोकांत अनोळखीच राहिले. जन्म १९१४, जपानच्या कोबे शहरात; घराणं सुलेमानी बोहरा; सारी हयात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी जोडलेली. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी व पक्षी संरक्षण कायद्याच्या मसुद्यातही त्यांचा हात होता. १९८५ मध्ये त्यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर लांबलचक लेख लिहिला. भावनेला हात घालणं सोपं होतं. पण निर्यातीच्या विरोधकांनी सरकारपुढे हिशेब ठेवला: बेडूक शेतात काय खातो, तो गेल्यावर किडीचं काय होतं, आणि तंगड्यांतून येणाऱ्या डॉलरसमोर कीटकनाशकांवर किती पैसा जातो. त्याच वर्षी ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हा बेडूक आला, म्हणजे त्याच्या व्यापारावर नजर राहणार होती. १ एप्रिल १९८७ पासून भारताने निर्यात बंद केली. १९८९ मध्ये बांगलादेशानेही केली. तेव्हा युरोपाने इंडोनेशियाकडे तोंड वळवलं. ताट रिकामं राहिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. अब्दुलअली २००१ मध्ये गेले.

प्रयोगशाळेतले हौद आणखी बरीच वर्षं चालू राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. आता पोरं संगणकाच्या पडद्यावर बेडूक उघडतात. त्या इमामांच्या मुलाला मी हे फोनवर सांगितलं, तर तो हसून म्हणाला, “वाद मी जिंकलो, पण तीस वर्षांनी.” तो आता बालरोगतज्ज्ञ आहे.

आमच्याकडे बेडकाला आज भीती आहे ती पाण्याची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात बेडूक कुठे होते? जमिनीत. ओल शोधत खाली जाऊन, हालचाल जवळजवळ थांबवून ते महिनोन्‌महिने काढतात. पण त्यासाठी खणता येईल अशी माती लागते. अंगणात फरशी, रस्त्याला सिमेंट आणि बांधाला जेसीबी लागला की भेक जाणार कुठे?

ज्यांना पाळायची हौस आहे, त्यांनी बरणी आणू नये. रानातला बेडूक पकडून घरात डांबणं कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. मोठा बेडूक निर्यातबंदीच्या आधीपासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे. शिवाय बरणीतला बेडूक हलत्या जिवंत किड्यांवाचून उपाशी मरतो. त्यापेक्षा फुटकं मडकं भिंतीलगत सावलीत पालथं घालावं, एका बाजूने तोंड उघडं ठेवून, आणि शेजारी उथळ ताटलीत पाणी. खोल नको, भेक पोहायला कच्चा. कुंड्यांवर फवारणी करू नये. मृगाच्या आगेमागे एखादा येतो आणि पटलं तर वर्षानुवर्षं त्याच मडक्यात राहतो. पोरांनी हात लावलाच तर साबणाने धुवायला सांगावं, डोळ्यांना लावायच्या आधी.