डायक्लो, पंधरा मिली

माझे बाबा गुरांचे डॉक्टर होते आणि आता मीही आहे. त्यांची बरीचशी नोकरी नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरच्या बाजूला गेली. दवाखान्याच्या ओट्यावर उभं राहिलं की अंजनेरीचा डोंगर दिसायचा आणि त्याच्या कड्यांवर गिधाडं. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. बाबा म्हणायचे, "अगं, ते आपल्याच खात्याचे कर्मचारी आहेत. आपल्याला जमलं नाही की पुढचं काम ते करतात."

निवृत्तीनंतर बाबांनी दोन पोती भरून जुन्या वह्या घरी आणल्या. सरकारी रजिस्टरं दवाखान्यातच राहिली. या त्यांच्या खाजगी वह्या होत्या. त्यात गाव, मालकाचं नाव, जनावर, लक्षण, औषध आणि मात्रा असं सगळं असायचं. गेल्या दिवाळीत मी त्या चाळत बसले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वह्यांत न दिसणारा एक शब्द मधल्या वह्यांत अधूनमधून दिसू लागतो आणि २००० च्या आसपास पानापानावर येतो. 'डायक्लो, १५ मिली.'

डायक्लो म्हणजे डायक्लोफिनॅक. तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात याची गोळी किंवा मलम असण्याची बरीच शक्यता आहे. स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीचं हे औषध, माणसांच्या सांधेदुखीसाठी. १९९० च्या दशकात भारतात ते स्वस्तात बनू लागलं आणि गुरांच्या औषधांत आलं. गाईला तिवा झाला की ती तापाने फणफणते, लंगडते, बसली की उठत नाही. ऐन पेरणीत बैलाला तिवा झाला तर घरात रडारड. डायक्लोची सुई मानेत दिली की संध्याकाळपर्यंत जनावर उभं राहून वैरणीला तोंड लावायचं. कासेची सूज असो, अडलेलं वासरू ओढून काढल्यानंतरच्या वेदना असोत, काम व्हायचं. डॉक्टरचं नावही व्हायचं.

हे औषध बाबांना कुणी शिकवलं? कॉलेजने नाही, त्यांच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं. एमआरने शिकवलं. महिन्यातून एकदा मोटरसायकलवर एक एमआर यायचा, चहा घ्यायचा, गुळगुळीत कागदावरचं 'लिटरेचर' टेबलावर ठेवायचा, दोन सॅम्पलच्या बाटल्या द्यायचा. माझ्यासाठी पेन. पदवी घेतल्यानंतरचं बाबांचं शिक्षण बहुतेक असंच झालं. यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही, कारण दुसरं कुणी शिकवायला येतच नव्हतं. तो माणूस खोटंही बोलत नव्हता. औषध गाईला खरोखरच सुरक्षित होतं. गाईनंतर त्या औषधाचं काय होतं, हा प्रश्न ना त्याला सुचला, ना बाबांना.

याच काळात तिकडे राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत होते. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे. ही संस्था मुंबईची, १८८३ पासूनची. १९८० च्या दशकात त्यांनी जिथे शेकडो घरटी मोजली होती, तिथे दहा-बारा वर्षांनी फांद्यांवर मान टाकून बसलेली आजारी गिधाडं आणि खाली मेलेली गिधाडं होती. १९९९ मध्ये त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात हे लिहिलं. नंतरच्या मोजणीतले आकडे वाचताना आजही पोटात खड्डा पडतो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के संपली. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची मिळून जवळपास ९७ टक्के.

आधी सगळ्यांना वाटलं की विषाणू असणार. पक्षी इतक्या झपाट्याने मरतात म्हणजे साथच, असा अंदाज चुकीचाही म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं विषाणू शोधला गेला, सापडला नाही.

उकल पाकिस्तानात झाली, आणि ती करणारा माणूस पशुवैद्यक होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लिंडसे ओक्स हे अमेरिकेतले, पक्ष्यांचे रोगनिदान करणारे. पेरेग्रिन फंडासाठी त्यांच्या चमूने पंजाबातल्या मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन केलं. बहुतेकांच्या आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर होता. ते युरिक ॲसिड. मूत्रपिंडं निकामी झाली की पक्ष्यांच्या शरीरात ते असं साठतं. मूत्रपिंडं कशाने गेली? जंतू तपासले, कीटकनाशकं तपासली, जड धातू तपासले. काही नाही. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. गिधाडं खातात काय? मेलेली गुरं. मग गुरांच्या पोटात काय जातं? त्यांनी तिथल्या पशुवैद्यकांना आणि औषध दुकानदारांना विचारलं, तुम्ही काय विकता, काय टोचता? त्या यादीतून मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल आणि तोंडावाटे शरीरात जाईल असं औषध वेगळं काढलं. डायक्लोफिनॅक. तपासणीत पांढरा थर असलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत ते सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही नाही. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला.

म्हणजे उत्तर इतकी वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात, बाबांसारख्यांच्या बॅगेत पडून होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच वर्षी रीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं. मेलेल्या शंभर गुरांतल्या एकाहूनही कमी गुरात हे औषध असलं तरी गिधाडं इतक्या वेगाने संपू शकतात. हे मला आधी पटलं नव्हतं. मग लक्षात आलं की एका मेलेल्या बैलावर कितीतरी गिधाडं एकदम उतरतात, तीन-चार दिवसांनी पुन्हा दुसरीकडे जेवतात, आणि एक जोडी वर्षाला एकच अंडं घालते. गाय बरी झाली तर औषध तिच्या शरीरातून काही दिवसांत निघून जातं, कुणाचं काही बिघडत नाही. सुई देऊनही दोन दिवसांत मेली तर मात्र ते तिच्या काळजात-मूत्रपिंडात असतं. बाबांनी वाचवायचा शेवटचा प्रयत्न केलेली जनावरं, तीच विषारी. यावर मी अजून बाबांशी नीट बोलू शकलेले नाही.

पुढचं सरकारी पातळीवर तसं लवकर झालं. मे २००६ मध्ये औषध महानियंत्रकांनी गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचं उत्पादन थांबवायला सांगितलं, २००८ मध्ये राजपत्रात बंदी आली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम होतं, ते गिधाडांना चालतं हे प्रयोगांनी दाखवलेलं होतं.

पण बाबांच्या वह्यांत २००६ नंतरही 'डायक्लो, १५ मिली' आहे. २००९ मध्ये आहे. २०११ मध्ये आहे.

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"एक कागद आला होता म्हणे वरच्या ऑफिसात," ते म्हणाले. "आमच्यापर्यंत आला तेव्हा त्यावर तारीख दीड वर्षापूर्वीची होती. आणि त्यात 'उत्पादन बंद' एवढंच. का, ते नव्हतं. आम्हाला वाटलं गाईला काही होत असेल, तर आपल्या गाईला तर काही होत नाही."

आणि बाटली तर मिळतच होती. माणसांसाठीची ३० मिलीची मोठी बाटली मेडिकलमध्ये उघड विकली जात होती. माणसाला एका वेळी लागतात ३ मिली, गाईला १५. ती बाटली कुणासाठी होती हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी २०१५ मध्ये सरकारने माणसांचं इंजेक्शन एका मात्रेच्या, ३ मिलीच्या पॅकमध्येच विकायचं असा नियम केला. एका गाईसाठी पाच फोडत बसायच्या, म्हणून कंटाळून लोक मेलॉक्सिकॅमकडे वळले. ते सुरुवातीला महाग होतं, मग स्वस्त झालं. बाबांच्या वह्यांत हा बदल बरोबर २०१५-१६ मध्ये दिसतो.

इथे कुणी म्हणेल की गावोगावच्या डॉक्टरांपर्यंत बातमी पोचवणं आपल्याकडे अवघडच. मला ते मान्य नाही, कारण पुरावा त्याच पोत्यांत आहे. बुळकांडी आठवते का तुम्हाला? आठवणार नाही, आणि तेच तिचं यश. गुरांची ही महामारी गोठेच्या गोठे रिकामे करायची. तिच्यासारख्या रोगांवर काम करायला १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ मध्ये कुमाऊंत मुक्तेश्वरला हलली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची ही सुरुवात. १९९० च्या दशकात बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय प्रकल्प आला तेव्हा गावागावांत शोधमोहिमा झाल्या. बाबांच्या वहीत त्या फेऱ्या आहेत. तोंडात फोड आहेत का, हगवण आहे का, 'निरंक'. पुन्हा पुढची फेरी, पुन्हा 'निरंक'. प्रशिक्षणं झाली, भित्तिपत्रकं आली, फॉर्म वर गेले नाहीत तर फोन यायचा. २००६ मध्येच भारत बुळकांडीच्या संसर्गातून मुक्त जाहीर झाला, आणि २०११ मध्ये सगळं जग.

एकाच वर्षी, एकाच खात्यातल्या, त्याच माणसांकडे दोन बातम्या जायच्या होत्या. एकीसाठी जीप होती, दुसरीसाठी दीड वर्षं फिरणारा कागद. गाय मेली की शेतकरी दारात येऊन उभा राहतो. गिधाड मेलं तर कोण येणार?

किंमत माणसांनीही मोजली. गिधाडं गेल्यावर उकिरड्यांवर कुत्री वाढली, पाणवठ्यांजवळ गुरं सडत राहिली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या काळात त्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. मुंबईत डोंगरवाडीवर पारशी समाजाला अंत्यविधीसाठी सौर परावर्तकांचा आधार घ्यावा लागला.

आणि हे संपलेलं नाही. ॲसिक्लोफिनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. किटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. या दोन्हींवर जनावरांसाठी बंदी आली ती २०२३ मध्ये, निमेसुलाइडवर त्यानंतर. मला हे कुठून कळलं? डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि बदलीच्या यादीच्या मधे कुणीतरी टाकलेल्या पीडीएफमधून. एमआर अजूनही येतो. आता तो लिटरेचर मोबाईलवर दाखवतो. मी त्याला दरवेळी एकच विचारते, गाय मेली तर? त्याच्याकडे अजून तरी त्याची स्लाइड नाही.

२०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं पेंच आणि ताडोब्यात आणली. बातमी मी बाबांना वाचून दाखवली. ते वह्यांच्या ढिगाऱ्याशेजारी बसले होते. मी 'डायक्लो'च्या नोंदी पेन्सिलने खूण करत मोजत होते, आणि ते काही बोलत नव्हते. मग एका पानावर त्यांनी बोट ठेवलं. २००३, श्रावण, एका आदिवासी पाड्यावरची गाय, तिवा, डायक्लो १५ मिली.

"ही उठली होती," ते म्हणाले. "हिला मोजू नकोस."

मी त्या नोंदीवरची खूण खोडली.