आकाशातला उजेड आणि पाहणाऱ्याची साक्ष

लासूर स्टेशनच्या परिसरातल्या शेतकऱ्याला रात्र परकी नाही. वीज रात्रीची असली की पिकाला पाणीही रात्रीच द्यावे लागते. दारे धरताना मान वर केली, तर शहरातल्या माणसाला कधी दिसत नाही एवढे आकाश त्याला दिसते. म्हणून एखादा अनोळखी उजेड प्रथम दिसतो, तो बहुधा अशाच माणसाला. त्याने तो सांगितला की ऐकणारे एकतर घाबरतात, नाहीतर हसतात.

आपल्या पूर्वजांनी मात्र असे उजेड नीट पाहिले होते. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्कांचे पाच प्रकार सांगितले : धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा. कोणाला शेपूट असते, कोण मोठा आवाज करीत जमिनीवर कोसळते, हे त्याने नोंदवले. स्वर्गातले पुण्य संपलेले जीव असे खाली येतात, ही त्याने दिलेली उपपत्ती आज आपण मानत नाही. पण वर्णन ओळखीचे वाटते.

युरोपात उलट घडले. आकाशातून दगड पडतात, असे खेडूत सांगत. विद्वान मात्र ते हसण्यावारी नेत. १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने खेडुतांची बाजू घेतली, तरी शंका फिटली नाही. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समध्ये लेग्ल गावाजवळ हजारो दगड पडले. सरकारने बियो या तरुण शास्त्रज्ञाला पाठवले. तो गावोगाव हिंडला, साक्षी घेतल्या, दगड कुठे कुठे पडले ते पाहिले. खेडूत खरे ठरले.

आपल्याकडचा प्रसंग तर अलीकडचा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या आकाशातून जळते गोळे ओळीने सरकताना हजारो लोकांनी पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान, कोणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी एक मोठे धातूचे कडे येऊन पडले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा, असे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले.

उल्का आणि असा अवशेष यांतला फरक साध्या डोळ्यांनीही ओळखता येतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा क्षणात विझते. अग्निबाणाचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो. तुटत, जळत तो मिनिटभरही दिसू शकतो. लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे विमानाचे. एकामागोमाग सरळ रेषेत जाणारे ठिपके बहुधा स्टारलिंक उपग्रहांचे. ते २०१९ पासून दिसू लागले. आणि क्षितिजाजवळ बराच वेळ तेजाने चमकणारा ‘दिवा’ शुक्र किंवा गुरूही असू शकतो.

यात अनुभवी नजरही फसते. २०१२-१३ च्या सुमारास लडाखच्या सीमेवर जवानांना रात्री अनोळखी दिवे दिसत. टेहळणीची मानवरहित विमाने असावीत, असा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांची ओळख पटवली, तर ते शुक्र आणि गुरू निघाले! जवानांनी पाहिलेले खोटे नव्हते. लावलेला अर्थ चुकला होता. नोंदी ठेवल्या होत्या म्हणून तो दुरुस्त करता आला.

तेव्हा असा उजेड दिसला, तर घाबरू नये आणि सांगणाऱ्याला हसूही नये. घड्याळ पाहावे. तो कुठून कुठे गेला, किती वेळ दिसला, रंग कोणता, आवाज आला का, एवढे लिहून ठेवावे. एखादा तुकडा पडलाच, तर हात न लावता पोलिसांना कळवावे. कशामुळे दिसले, ते पुढे शोधता येते. पण काय दिसले, हे मात्र पाहणाऱ्यानेच सांगायला हवे.