मेणाचे पूर्वज

रोमन प्रजासत्ताकाच्या काळात एखाद्या बड्या घराण्याच्या वाड्यात पाऊल टाकले की दर्शनी चौकात भिंतीलगत लाकडी कपाटे दिसत. एकेका कपाटात एकेका पूर्वजाचा मेणाचा मुखवटा असे आणि सोबत त्याचे नाव व त्याने भूषवलेली पदे लिहिलेली असत. एरवी ही दारे बंदच. सार्वजनिक सणावाराला ती उघडून मुखवटे सजवत. घरात कुणी गेले, की मात्र हे पूर्वज कपाटाबाहेर पडून थेट रस्त्यावर चालू लागत.

या मुखवट्याला 'इमागो' म्हणत. आपल्याकडे काही घरांत पूर्वजांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात पूजेला असतात, तसे याचे नव्हते. इमागोची पूजा होत नसे आणि नुसते मरून तो कुणाला मिळतही नसे. बाजारपेठ, रस्ते आणि उत्सव सांभाळणारा एडाइल किंवा त्याच्या वरचा अधिकारी म्हणून जो निवडून आला, त्याचाच मुखवटा होई. बायकांना पदे नव्हती, म्हणून मुखवटेही नव्हते. इ.स.पू. 63 मध्ये कॉन्सल या सर्वोच्च पदावर निवडून आलेल्या सिसेरोच्या घरी वाडवडिलांचा एकही इमागो नव्हता, आणि जुनी घराणी ही गोष्ट त्याला विसरू देत नसत. गुलामाचा तर प्रश्नच नव्हता. प्लॉटसच्या 'अँफिट्रिओ' या नाटकात मर्क्युरी देव सोसिया नावाच्या गुलामाचे रूप घेऊन त्याच्यापुढे उभा राहतो. तेव्हा सोसिया म्हणतो, की मेल्यावर जे माझ्यासाठी कुणी करणार नाही, म्हणजे माझा चेहरा घालून चालणे, ते जिवंतपणीच होते आहे. प्रेक्षकांना हा विनोद लगेच कळत असणार, म्हणजे इ.स.पू. 200च्या आसपास ही रीत चांगलीच मुरलेली होती.

अंत्ययात्रेचे सर्वांत नेमके वर्णन एका परक्याने केले आहे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस इ.स.पू. 167 मध्ये ओलीस म्हणून इटलीत आला आणि स्किपिओ या बड्या रोमन घराण्याच्या घरोब्यातला झाला. तो सांगतो, की मुखवटा घालायला बांध्याने आणि चालीने त्या पूर्वजाशी मिळतीजुळती माणसे निवडत. पूर्वज कॉन्सल किंवा प्रेटर असेल तर जांभळ्या काठाचा टोगा (अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र), सेन्सर असेल तर संपूर्ण जांभळा, विजययात्रा काढलेला सेनापती असेल तर जरीकाम केलेला. सगळे रथात बसून निघत. पुढे काठ्यांच्या मोळ्या आणि कुऱ्हाडी घेतलेले चोपदार असत, तेही ज्याच्या त्याच्या पदाप्रमाणे. फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, आल्यावर हे पूर्वज भाषणाच्या व्यासपीठाजवळ हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीने बसत. मृतदेह बहुधा सर्वांना दिसेल असा उभा करून ठेवत. मग मुलगा व्यासपीठावर चढून आधी बापाची कामगिरी सांगे आणि नंतर समोर बसलेल्या एकेका पूर्वजाची, सर्वांत जुन्यापासून. आपल्या कुळाची कीर्ती सांगताना समोर खापरपणजोबा बसून ऐकतो आहे, याचे त्या तरुणावर काय दडपण येत असेल! पॉलिबियसला त्यातच रोमच्या बळाचे एक कारण दिसले. हे पाहून कोणता तरुण पराक्रमाला उद्युक्त होणार नाही, असे तो विचारतो.

सोंग नुसते चेहऱ्याचे नव्हते, बोलण्याचालण्याचेही होते. इ.स. 79 मध्ये सम्राट व्हेस्पेशियनच्या अंत्ययात्रेत फावोर नावाच्या नटाने त्याचा मुखवटा घातला होता. व्हेस्पेशियन चिक्कू म्हणून प्रसिद्ध. फावोरने चालता चालता विचारले, या सगळ्याला खर्च किती? उत्तर आले, एक कोटी सेस्टर्स. त्यावर तो त्याच आवाजात म्हणाला, मग मला एक लाख द्या आणि टायबर नदीत फेकून द्या!

पण मला या रीतीचे खरे मर्म तिच्या राजकारणात दिसते. चेहरा घराण्याचा असला तरी तो मिरवायची जागा होती भर चौक, आणि चौकात काय दिसावे यावर सत्तेची नजर असणारच. सेनापती सुल्लाने आपला प्रतिस्पर्धी मारियस याला देशशत्रू ठरवल्यावर त्याच्या प्रतिमा दिसेनाशा झाल्या होत्या. तरुण सीझरची आत्या ज्युलिया ही मारियसची बायको. इ.स.पू. 69च्या सुमारास ती वारली, तेव्हा सीझरने तिच्या अंत्ययात्रेत मारियसच्या प्रतिमा उघड उघड आणल्या. काहींनी आरडाओरडा केला, पण लोकांनी टाळ्यांनी त्यांचा आवाज बुडवला.

पुढे तो सीझर देव ठरला, म्हणून इ.स. 14 मध्ये त्याचा दत्तकपुत्र सम्राट ऑगस्टस याच्या अंत्ययात्रेत सगळे पूर्वज होते आणि नेमका तोच नव्हता. देवाला मेलेल्यांच्या रांगेत कसे बसवणार? इ.स. 20 मध्ये मात्र सिनेटने शिक्षा म्हणून चेहरा काढून घेतला. राजघराण्यातल्या जर्मानिकसच्या मृत्यूच्या खटल्यात अडकलेल्या पिसोने आत्महत्या केली होती. त्याचा मुखवटा कुठल्याही आप्ताच्या अंत्ययात्रेत न्यायचा नाही आणि घरातल्या इमागोंमध्ये ठेवायचाही नाही, असा ठराव झाला. त्या ठरावाचे ब्राँझचे पत्रे स्पेनमध्ये सापडले आहेत.

बंदीचा परिणाम उलटाही होई. इ.स. 22 मध्ये जुनिया वारली. सीझरला मारणाऱ्या कॅसियसची ही विधवा, आणि कटातला त्याचा साथीदार ब्रूटस याची बहीण. तिच्यापुढे वीस थोर घराण्यांचे मुखवटे चालले, पण त्यांत नवऱ्याचा नव्हता की भावाचाही नव्हता. इतिहासकार टॅसिटस लिहितो, की ते दिसत नव्हते म्हणूनच सर्वांत उठून दिसले.

कॅसियसचे प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही. सीझरच्या खुनाला शंभरावर वर्षे झाल्यानंतर, इ.स. 65 मध्ये, त्याच्याच कुळातला वयोवृद्ध कायदेपंडित गायस कॅसियस लाँगिनस सम्राट नीरोच्या रोषाला बळी पडला. एक आरोप असा, की घरच्या पूर्वजांमध्ये त्याने त्या कॅसियसचीही प्रतिमा ठेवली होती. म्हाताऱ्याची दृष्टी तोवर गेलेली होती. त्याला सार्डिनिया बेटावर हद्दपार केले. पुढे व्हेस्पेशियनने त्याला परत बोलावले.