रॅपर, बुचं आणि मलाजखंडची पोरं



बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात निघणारे प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील. खोकं उघडलं की प्राणी हातात, व्यवहार संपला. पुढे दुसरी पद्धत आली. आधी माल घ्या, कूपनं जमवा, ती पाठवा आणि भेटीची वाट बघा. सारी नोकरी बँकेत गेल्यामुळे मला ही दुसरी पद्धत जास्त विचार करण्यासारखी वाटते. कारण यात उधारी आहे, आणि ती ग्राहकाने कंपनीला दिलेली आहे.

ही कल्पना जुनी. अमेरिकेत 1896 साली स्पेरी अँड हचिन्सन कंपनी सुरू झाली. दुकानदार खरेदीवर तिचे हिरवे स्टँप द्यायचे, बायका ते वहीत चिकटवायच्या आणि वह्या भरल्या की घरात वस्तू यायची. इंग्लंडात 1958 मध्ये ग्रीन शील्ड स्टँप आले. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाचे मैल मोजायला सुरुवात केली. आज आपल्या कार्डावर जमणारे पॉइंट हे याच घराण्यातले.

मुलांच्या खेळण्यांत याचं छान उदाहरण म्हणजे एअरफिक्स. 1939 साली निघालेली ही ब्रिटिश कंपनी विमानांची प्लॅस्टिकची किट बनवते. भाग सुटे करायचे, चिकटवायचे, रंगवायचे. तिच्या खोक्यांवर ‘फ्लाइंग अवर्स’ नावाची टोकनं छापलेली असत. क्लबच्या सभासदाने ती कापून जमवायची आणि पुरेशी झाली की त्याबदली नवं किट मागवायचं. वैमानिकाच्या अनुभवाचे तास मोजतात, तसे पोराचेही तास! इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या मुलाने अशी टोकनं डब्यात जपून ठेवलेली मी पाहिली, आणि मला आमचं मलाजखंड आठवलं.

1985 ते 88 मी तिथल्या शाखेत होतो. बालाघाट जिल्ह्यातली हिंदुस्तान कॉपरची तांब्याची उघडी खाण तेव्हा नवीनच होती. वसाहतीत सगळ्या मुलखांतली माणसं, त्यात नागपूर-भंडाऱ्याकडची आपली मराठी घरंही होती. बालाघाट नव्वदेक किलोमीटर. तिथून छोट्या लाइनच्या गाडीने गोंदिया, जे तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. एअरफिक्सची किट आमच्या पोरांनी पाहिलीही नव्हती. पण 1983 मध्ये मॅगी भारतात आली होती, आणि मॅगी क्लबकडे रिकामी रॅपर पाठवली की मुलांना खेळ, मुखवटे मिळायचे. गोल्ड स्पॉटच्या बुचांच्या आत जंगल बुकची चित्रं निघायची. बबलगमच्या कागदांवर क्रिकेटपटू. एवढ्यावर आख्खी कॉलनी पेटली होती.

अडचण हिशोबाची होती. महिन्यातून एखादं पाकीट आणणाऱ्या घरात पुरेशी रॅपर जमायला वर्षाचा बराच भाग जाणार, आणि काही योजनांना मुदत असायची. म्हणून पोरांनी एकत्र जमवायचं ठरवलं. आमच्या शेजारची आठवीतली मुलगी वहीत नोंद ठेवायची: कोणी किती दिली, कोणाकडे दुप्पट चित्रं, कशाच्या बदल्यात काय. आमच्या क्लिअरिंगसारखंच काम, आणि तिची बेरीज कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

सगळ्यांत जास्त बुचं आणायचा तो एका ठेकेदारी मजुराचा मुलगा. तो हॉटेलांच्या मागून ती वेचून आणायचा. गोल्ड स्पॉट त्याने स्वतः किती वेळा प्यायला असेल, देव जाणे. पहिल्यांदा भेट मागवायची वेळ आली तेव्हा वाद झाला. एक म्हणाला, तिकिटांचे पैसे आमच्या बाबांनी दिले, भेट आमची. दुसरा म्हणाला, पत्ता आमच्या क्वार्टरचा. या मुलाजवळ तिकिटांना पैसे नव्हते आणि पत्ताही नव्हता. झोपडीला नंबर कुठला? तो गप्प उभा होता. वहीवालीने पान उघडून दाखवलं. सगळ्यांत मोठा आकडा त्याच्या नावापुढे होता.

शेवटी ठरलं, भेट त्याच्या नावावर मागवायची आणि खेळ आठवडा-आठवडा घरोघरी फिरवायचा. पत्ता दिला ‘द्वारा’ आमची शाखा. दोनेक महिन्यांनी पोस्टमन पाकीट घेऊन काउंटरवर आला. पोराला बोलावलं. त्याने आधी पाकीट उघडलंच नाही, वरचं नाव वाचत राहिला. त्याच्या नावाने टपाल यायची ती पहिलीच वेळ.

सगळे शेवट असे गोड नव्हते. दुसऱ्या एका कंपनीकडे पाठवलेल्या कागदांचं पुढे काहीच आलं नाही. स्मरणपत्रं घातली, उत्तर नाही. खरं तर 1984 मध्ये एमआरटीपी कायद्यात दुरुस्ती होऊन, भेट जाहीर करायची पण द्यायचा इरादाच नसायचा, हा प्रकार अनुचित व्यापारी प्रथांमध्ये आला होता. पण पोरांच्या कागदांसाठी मलाजखंडहून दिल्लीला कोण जाणार?

आता कॉमर्सवाल्याचं थोडं ऐका. 2018 पासून लागू असलेल्या इंड एएस 115 या हिशोबमानकाप्रमाणे, विक्रीवर असे पॉइंट दिले की आलेल्या पैशातला काही भाग लगेच उत्पन्न धरता येत नाही. तो पुढे पुरवायच्या मालाबद्दलचं देणं म्हणून ताळेबंदात राहतो. मात्र काही ग्राहक पॉइंट वापरणारच नाहीत, हा अंदाजही त्यात धरलेला असतो, आणि तेवढी रक्कम हळूहळू कंपनीच्याच उत्पन्नात जाते. म्हणजे आपण विसरलेलं कूपन वाया जात नाही, ते समोरच्याच्या खिशात राहतं. आणि विसरण्याहून जास्त कूपनं राहून जातात ती लांबच्या गावाची, तिकिटाला पैसे नसलेल्यांची, पत्ता नसलेल्यांची. मलाजखंडच्या पोरांनी ती कसर एक वही आणि एकमेकांच्या भरवशावर भरून काढली होती, असं मला आज वाटतं.

तेव्हा मंडळी, आपापल्या कार्डावरचे पॉइंट एकदा तपासा, मुदत बघा आणि वापरून टाका. नातवंडांना त्यातून काहीतरी घ्या. आणि त्या काळात मलाजखंडला कुणी असाल, तर तो फिरता खेळ शेवटी कोणाच्या घरी राहिला ते मला जरूर कळवा. मी 88 मध्ये बदलीवर निघालो तेव्हा तो फिरतच होता.