गँगमनची पाठ आणि बढतीचा प्रश्न

पेशवाईत अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधल्याचा उल्लेख आपल्या प्रत्येक दुसऱ्या भाषणात येतो. त्या कमरेचा अपमान आपण शंभर वेळा सांगितला आहे. ती कमर दुखत होती काय, दुखली तर माणूस काय करीत होता, हे मात्र आपण कुणाला विचारले नाही. वेदना हा शब्द आपल्या साहित्यात इतका वापरला गेला की तो बहुतेक मनाच्याच वेदनेसाठी राखून ठेवल्यासारखा झाला. मी ज्या घरात वाढलो तिथे वेदना म्हणजे पाठ. माझा आजा रेल्वेत गँगमन होता, वडीलही गँगमनच. दोघांच्याही पाठी नोकरी संपण्याच्या बऱ्याच आधी संपल्या होत्या.

रेल्वेचा इतिहास मी वर्गात शिकवतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८६३ साली भोर घाटाचा मार्ग खुला झाला. त्या घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मरण पावला तेव्हा त्याची पत्नी अॅलिस हिने काम पुढे नेले, म्हणून तिचे नाव ग्रंथांत आदराने येते. यायलाच हवे. पण ऐन भरात असताना त्या घाटावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? इमारत पुरी झाली की पहाड काढून टाकतात, तशी ही माणसे इतिहासातून काढून टाकलेली आहेत. शिवाय रूळ एकदा टाकला म्हणजे काम संपत नाही, हेही पुस्तके सांगत नाहीत. गाडीच्या प्रत्येक फेरीबरोबर खडी दबते, स्लीपर खाली बसतो, रूळ हलतो. तो पुन्हा जागेवर आणण्याचे काम रोजचे. ते गँगचे.

हे काम समजल्याशिवाय पाठ समजणार नाही. एका किलोमीटरमध्ये साधारण तेराशे ते सोळाशे स्लीपर असतात. स्लीपरखालची खडी ठोकून घट्ट करायची, तिला बीटर पॅकिंग म्हणत. बीटर म्हणजे टिकावासारखेच हत्यार, फक्त त्याचे एक तोंड चपटे व जाड. एका स्लीपरला चार माणसे लागत. दोन एका रुळाखाली, दोन दुसऱ्या. माणूस कमरेत वाकतो, बीटर खांद्यापर्यंतही न नेता आडव्या मार्‍याने खडीवर घालतो, आणि खडी स्लीपरच्या पोटाखाली सरकते. टिकाव उचलणाऱ्याला प्रत्येक घावानंतर क्षणभर तरी सरळ होता येते. बीटरवाल्याला तेही नाही. तो वाकलेलाच राहतो आणि वाकलेलाच पुढच्या स्लीपरवर सरकतो. त्यात रूळ बदलायचा दिवस निघाला म्हणजे ओझे वेगळे. जुना नव्वद पौंडी रूळ वारी नव्वद पौंड भरे. तेरा मीटर लांबीच्या एका रुळाचे वजन पाचशे ऐंशी किलोच्या घरात जाते. लोखंडी चिमट्यांनी तो उचलायचा आणि सगळ्यांनी एकाच हैशावर पाऊल टाकायचे. एकाने जरी दम सोडला, तरी त्याचा भार शेजारच्याच्या मणक्यावर जातो.

या पाठींवर उपाय काय होते? कामावर निघताना आजा जुन्या लुगड्याचा पट्टा कमरेला करकचून गुंडाळी. संध्याकाळी चुलीत विटेचा तुकडा तापवून फडक्यात बांधून शेक. निर्गुडीचा पाला. त्यानेही भागले नाही तर बिब्बा; वडिलांच्या कमरेवर बिब्ब्याचे काळे डाग आजही आहेत. उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हा तर गावोगावचा समज. आमची आजी पायाळू. गँगचाळीपासून अर्ध्या कोसावर असलेल्या गावातले एक बडे शेतकरी उसण भरली की दिवेलागणीनंतर आमच्या दारी येत, ओट्याखाली पालथे पडत आणि आजीचा पाय पाठीवर घेत. दिवसा ती त्यांच्या विहिरीकडे फिरकू शकत नव्हती. घरी परतल्यावर ते आंघोळ करीत असत, असे आजी हसत हसत सांगे. त्या पायाने उसण खरोखर जात होती काय, हा वैद्यकाचा प्रश्न आहे. मला त्यात एवढेच दिसते की पाठ दुखू लागली म्हणजे धर्मशास्त्र तेवढ्यापुरते लवते, आणि दुखणे थांबले की पुन्हा ताठ होते.

पण खरा उपाय चुलीजवळ नव्हता. तो गँगमध्येच होता. ज्याची पाठ धरली त्याला त्या दिवशी झेंडी द्यायची, म्हणजे गाडीवर नजर ठेवून इतरांना सावध करायचे काम. तो उभा राहील, बाकीचे त्याच्या वाट्याचे स्लीपर ठोकतील. हे कुठल्याही नियमात लिहिलेले नव्हते. वडील सांगतात, कुणाला झेंडी द्यायची हे मेटच्या हातात. मेट आपला असला तर पाठ बघून देई, नसला तर नाते बघून. झेंडीपेक्षा पक्का उपाय म्हणजे चावीवाला होणे. चावीवाला रोज आपल्या हद्दीत रुळाने चालत जातो, सैल चाव्या ठोकतो, बोल्ट कसतो. मैलोगणती चाल आहे, ऊनपाऊस आहे, जबाबदारी तर फारच. पण तो चालतो, दिवसभर वाकत नाही. मेट तर उभ्यानेच काम करून घेतो. गँगमन, चावीवाला, मेट ही पगाराची शिडी आहेच. माझ्या घरात ती आधी कण्याची शिडी होती.

हे लक्षात घेतले की मनमाडचे भाषण वेगळे वाचता येते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित वर्गीय कामगारांची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही त्या भाषणातली मांडणी आपण सारे जाणतो. कार्यकर्ते तेवढ्यावरच थांबतात. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या जागांचा एकेक हिशेब मांडला आहे. दलित कामगार गँगमन म्हणून लागतो आणि बढतीची आशा न ठेवता गँगमनच राहतो. साधा पोर्टरही त्याला करीत नाहीत; कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही राबवून घेतो, आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे! गिरण्यांत विणकाम खाते त्याला बंद, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे.

यात पाठ हा शब्द कुठे नाही. तरी सगळे पाठीविषयीच आहे. पोर्टरही ओझे उचलतो, पण दोन गाड्यांच्या मध्ये त्याला बसायला मिळते, डोक्यावर छप्पर असते. शिवाशिवीने दलिताला छपराखालून काढून खडीवर ठेवले आणि बढती अडवून तिथेच म्हातारे केले. इतर जातीचा माणूस पाच-सात वर्षे वाकून पुढे सरकत असेल, तर हा तीस वर्षे वाकत होता. तेच हत्यार, तोच पगार. पण दोन शरीरांवर त्याचा परिणाम एक कसा होईल? जातीने मजुरांचीच विभागणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. ती विभागणी मणक्यापर्यंत कशी पोचते हे पाहायचे असेल तर गँगचाळीत जावे. आमच्या मार्क्सवादी मित्रांना वर्ग दिसतो, पण एकाच गँगमध्ये कोण वाकतो आणि कोण उभा राहतो, हे ते मोजीत नाहीत.

कायद्यालाही पाठ नीट दिसत नाही. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा अपघाताला ओळखत असे. अपघाताला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतो. पाठ कोणत्या तारखेला गेली? वडिलांना एका डॉक्टरने हेच विचारले होते. ते म्हणाले, "साहेब, रोज थोडी थोडी गेली." डॉक्टरांनी मलम दिले, तीन दिवसांची रजा लिहिली. कारखाने कायद्याच्या, १९४८ च्या, ३४ व्या कलमात इजा होईल एवढे ओझे उचलायला लावू नये असे म्हटले होते. रूळमार्ग हा कारखाना नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. माथाडींनी लढून १९६९ चा कायदा मिळवला, पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हमालाच्या पाठीवरचे ओझे हा सार्वजनिक प्रश्न केला. पोत्याचे वजन निदान डोळ्यांना दिसते. खडीवर वाकण्याचे वजन कोणत्या काट्यावर घालायचे?

साठच्या दशकापासून टँपिंगची यंत्रे आली, पुढे सिमेंटचे स्लीपर आले, आणि बीटर पुष्कळसा मागे पडला. हे चांगलेच झाले. मात्र सिमेंटचा एक स्लीपर अडीचशे किलोहून जड आहे, आणि यंत्र पोचत नाही तिथे अजून माणूसच पोचतो. गँगमनचे नाव ट्रॅकमन झाले, मग ट्रॅक मेंटेनर. त्याच्या भरतीसाठी पुरुष उमेदवाराने पस्तीस किलोचे वजन खाली न टेकवता दोन मिनिटांत शंभर मीटर न्यायचे असते, बाईने वीस किलोचे. आमच्या कॉलेजच्या मैदानावर पोरे सकाळी वाळूचे पोते खांद्यावर टाकून हाच सराव करतात. त्यांत पदवीधर आहेत, एक एम. ए. झालेला आहे.

मागच्या हिवाळ्यात वडील माझ्याकडे आले होते. काठी टेकीत मैदानाच्या कडेला उभे राहिले. एम. ए. झालेला तो मुलगा पोते उचलायला खाली वाकला तसे ते ओरडले, "अरे पोरा, कमरेत नको, गुडघ्यात बस. पोतं पोटाला लाव आन् मग ऊठ." त्याने पुन्हा केले. वडिलांनी त्याला तिसऱ्यांदा करायला लावले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याला चावीवाला किती वर्षांनी करत्यात, ते इचार."