कोठारातलं कुंड, कचेरीतलं नरसाळं

पावसाळ्याचे चार महिने रायगड जिल्ह्यात रोज सकाळी एक यादी निघते. अलिबाग, पेण, मुरुड, पनवेल, उरण असे एकूण पंधरा तालुके आणि सोळावं माथेरान. प्रत्येक नावापुढे एक आकडा आणि पुढे ‘मिमी’. ही यादी मोबाईलवरून फिरते, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते. पेणला ओल्या मूर्ती सुकत घातलेला गणपतीचा कारखानदार ती बघतो, कुंडलिकेच्या काठचा रोहेकर बघतो, आणि मुंबईत चाकरीला असलेला माणूस गावाकडच्या लावणीचा अंदाज तिच्यावरूनच बांधतो.

यादीतला आकडा वर्षानुवर्षं एका नरसाळ्यातून येत आला आहे. त्याचं नाव पर्जन्यमापक. हे यंत्र वेधशाळेत जन्माला आलं असा आपला सर्वसाधारण समज असतो. त्याचं कूळ शोधत मागे गेलं, की वाट कोठारात आणि वसुलीच्या कचेरीत जाते.

सर्वात जुना धागा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. ग्रंथाच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींनी तो 1909 मध्ये छापून प्रसिद्ध केला. त्यात कोष्ठागारात, म्हणजे धान्याच्या सरकारी कोठारात, एक अरत्नी तोंडाचं कुंड पावसाच्या मापासाठी ठेवावं असं सांगितलं आहे. अरत्नी म्हणजे चोवीस अंगुळं, साधारण दीड फूट. त्या कुंडाचं नाव वर्षमान. आणि पाऊस मोजायचा कशात? द्रोणात. द्रोण हे धान्याचंच माप. जे माप कोठारात भात मोजायला, तेच आभाळातून आलेलं पाणी मोजायला. कारण हिशेब एकच होता: पाऊस किती झाला यावर कोणतं बी पेरायचं ते ठरायचं, आणि पिकावर राजाच्या कोठारात किती येणार ते.

याच ग्रंथात शेतीखात्याच्या अधिकाऱ्यासाठी प्रदेशवार आकडे दिले आहेत. कोरड्या जांगल प्रदेशात 16 द्रोण, पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट. गोदावरीकाठच्या अश्मकात साडेतेरा, माळव्यातल्या अवंतीत 23. आणि अपरान्तात? अपरान्त म्हणजे आपलं कोकण. तिथे आकडाच नाही, तिथला पाऊस अमाप म्हटला आहे. हिमालयाच्या पायथ्यालाही तोच मान. मला हे वाचून दर वेळी थक्क व्हायला होतं. अर्धा द्रोणसुद्धा न सोडणाऱ्या हिशेबनीसाने पेण-रोह्याच्या मुलखापाशी येऊन माप खाली ठेवलं. कोकणी माणसाला ते कळेल. देशावरचा शेतकरी ओल किती अंगुळं खाली गेली ते बघतो. इकडे खाचर भरलं की बांध फुटला, एवढाच प्रश्न असतो.

पावसाच्या वाटणीबद्दलही तिथे एक नेमकं निरीक्षण आहे. चार महिन्यांतला एक तृतीयांश पाऊस पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून, दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत, असं झालं तर वर्ष चांगलं. कोकणात जुलै-ऑगस्टचा वाटा आजही जवळपास तेवढाच भरतो.

पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत एक हात रुंदीच्या भांड्याचं माप दिलं: 50 पळं म्हणजे एक आढक, चार आढक म्हणजे एक द्रोण. इथेही धान्याचीच मापं. त्यानंतर मात्र आपल्याकडे भांडं मागे पडलं आणि नक्षत्रांची गणितं पुढे आली. मृगाचं वाहन कोणतं, आर्द्रेचं कोणतं, हत्ती की बेडूक की गाढव, हे सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून, नवाने भागून, उरलेल्या बाकीवरून ठरतं. या हिशेबाला गावागावांत मान आहे आणि तरणा पाऊस, म्हातारा पाऊस असे सुंदर शब्द त्या परंपरेने दिले. पण तिच्यात एक मोठी उणीव राहिली. पाऊस पडून गेल्यावर तो किती पडला याची नोंद कोणी ठेवली नाही. भाकीत खरं ठरलं की खोटं हे तपासायला नोंदच लागते.

नोंदीचं सर्वात शिस्तशीर काम कोरियात झालं. राजा सेजोंगच्या काळात, 1441-42 मध्ये, एकाच मापाची नळकांडी भांडी प्रांतोप्रांतीच्या कचेऱ्यांना धाडली गेली आणि स्थानिक अंमलदारांनी मोजलेला पाऊस राजधानीला कळवायचा असा दंडक घातला गेला. शेती आणि धान्याचा कर हीच त्यामागची निकड. पुन्हा कचेरीच.

युरोपात ते कुतूहलाच्या वाटेने आलं. 1639 मध्ये गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने पेरुजात एका भांड्यात पाऊस धरून, ट्रासिमेनो सरोवराची पातळी किती चढेल याचा अंदाज बांधला. 1660 च्या दशकात ख्रिस्तोफर रेनने, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल्स बांधलं, भरलं की आपोआप कलंडून रिकामं होणारं भांडं योजलं. ही कल्पना लक्षात ठेवा, ती पुढे रायगडात भेटणार आहे.

खरी गुंतागुंत होती ती उंचीची. विल्यम हेबर्डन या डॉक्टरने 1766-67 मध्ये लंडनला तीन भांडी ठेवली: एक बागेत, एक घराच्या छपरावर, एक वेस्टमिन्स्टर ॲबीच्या माथ्यावर. वर्षभरात बागेत साडेबावीस इंचांच्या वर पाऊस, छपरावर 18, ॲबीवर जेमतेम 12. एकाच आभाळाखाली! उलगडा व्हायला जवळजवळ शतक गेलं. 1861 मध्ये जेव्हन्स नावाच्या अभ्यासकाने दाखवून दिलं की हा वाऱ्याचा खेळ आहे. उंचावर वारा जोराचा, तो भांड्याच्या कडेवरून वळसा घेतो आणि थेंब बाहेर उडवून नेतो. मग भांडं जमिनीलगत आणावं, तर मातीवर आपटलेले शिंतोडे आत जातात. या दोन चुकांच्या मधली जागा शोधण्यात जॉर्ज सायमन्सचा हातभार मोठा. त्याने 1860 पासून ब्रिटनभर हौशी निरीक्षकांचं जाळं विणलं. दीडशेच्या वर माणसांनी सुरुवात झाली, 1900 मध्ये तो वारला तेव्हा ती तीन हजारांवर गेली होती. पाच इंच तोंडाचं, धारदार पितळी कडेचं जे पर्जन्यमापक आपल्या कचेऱ्यांत आलं, ते त्याच्याच नावाचं.

ते इथे आलं ते दुष्काळाच्या मागोमाग. मुंबईच्या कुलाब्याला कंपनी सरकारने 1826 मध्येच वेधशाळा घातली होती, पण तिचा मूळ हेतू जहाजांना वेळ सांगणं आणि तारे पाहणं. 1864 च्या वादळाने कलकत्ता उद्ध्वस्त झालं, 1866 मध्ये ओरिसात आदल्या वर्षीच्या पावसाने दगा दिल्यामुळे लाखो माणसं मेली. 1875 मध्ये हवामान खातं स्थापन झालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. वर्ष उलटतं न उलटतं तोच दख्खनमध्ये 1876-78 चा भीषण दुष्काळ आला. पाऊस किती झाला हे तालुक्यातालुक्यातून कळलं नाही तर सारा किती घ्यायचा, सूट कुठे द्यायची, धान्य कुठे पाठवायचं, काहीच ठरत नाही. म्हणून पर्जन्यमापक गेलं ते मामलेदार कचेरीच्या आवारात. मोजणारा शास्त्रज्ञ नव्हता, महसूल खात्यातला कारकून होता. कौटिल्याच्या कोठारापासून निघालेली वाट फिरून तिथेच आली.

आता ते यंत्र जवळून पाहा. सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलेलं बूड, वर नरसाळं, आत बाटली. कड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर, अगदी समपातळीत. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर. पूर्वीच्या जस्ती पत्र्याच्या जागी आता काचतंतूंचं प्लास्टिक आलं. तोंडाचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला आत 20 मिलिलिटर पाणी. सकाळी साडेआठला बाटली उपसून ते मापपात्रात ओतायचं, पाण्याच्या कडेचा नव्हे, मधल्या खोलगट भागाचा आकडा वाचायचा आणि त्या तारखेला लिहायचा. त्यामुळे काल दिवसभर कोसळलेला पाऊस यादीत आजच्या तारखेला येतो.

‘अमाप’ शब्दाचा अर्थ इथे पुन्हा उगवतो. सायमन्सच्या यंत्रातली बाटली जेमतेम 75 ते 100 मिमीची. कोकणात ती एका रात्रीत भरून वाहते. म्हणून जास्त पावसाच्या ठिकाणी दहा लिटरची बाटली देतात. 200 चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला ती 500 मिमी पुरते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिमी पाऊस पडला. त्या पावसात ही बाटलीसुद्धा जवळजवळ दोनदा भरली असती. त्याच दिवशी कुलाब्याला 74 मिमीसुद्धा धड झाला नाही. एकाच शहरातले हे दोन आकडे पाहिले की एका नरसाळ्यावर अख्खा तालुका तोलणं किती धाडसाचं ते कळतं.

पेण तालुक्याचंच घ्या. एका टोकाला खाडीकाठची खारजमीन आणि मिठागरं, दुसऱ्या टोकाला सह्याद्रीच्या चढणीला लागलेल्या वाड्या. ढग डोंगराला थटून वर चढतो आणि तिथे जास्त सांडतो, मोजमाप मात्र शहरात. रोह्याचा धडा याहून कडवट आहे. 24 जुलै 1989 ला अंबा नदीने जांभूळपाडा आणि पुढे रोहा तालुक्यातलं नागोठणं बुडवलं. नागोठण्याला येणारं पाणी वर घाटाच्या कुशीत पडलेलं असतं. खाली आकाशाकडे बघणाऱ्याला त्याची चाहूल लागत नाही. वरच्या खोऱ्यात मोजणारं भांडं आणि ते तासातासाला कळवणारी तार हवी.

हल्ली ही उणीव भरली जाते आहे. महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली, आणि केंद्र सरकारच्या विंड्स योजनेत पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचं ठरलं आहे. या यंत्रांत बहुधा रेनचंच कलंडणारं भांडं असतं: एका बाजूची वाटी भरली की कलंडते, दुसरी समोर येते, कलंडण्याच्या नोंदी विजेवर मोजल्या जातात. पैशाचा संबंधही सुटलेला नाही. मंडळात चोवीस तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि पंचनामे, नुकसानभरपाई त्या आकड्यावर अवलंबून. भात आडवं झालेल्या शेतकऱ्यासाठी 64 आणि 66 यांत मोठी दरी आहे.

म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. कलंडणाऱ्या वाटीची एक जन्मजात खोड आहे: ती कलंडत असताना वरून पडणारं पाणी मोजणीतून निसटतं. रिमझिमीत ते नगण्य, पण उखळी पावसात वाट्या सतत हलत राहतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. ही चूक दुरुस्त करण्याची सूत्रं आहेत, पण ती बरोबर लागली का हे पडताळायला शेजारी हाताने मोजलेला आकडा असलेला बरा. पेण-रोह्यासारख्या मुलखात नवं केंद्र बसवताना जुनं नरसाळं भंगारात काढू नये. साडेआठला बाटली उपसणारा माणूस आणि त्याची वही, दोन्ही चालू ठेवावीत.